शिल्लक पाणी

माझ्या नोकरीबद्दलचं माझ्या बायकोचं मत एका वाक्यात मावतं. "ज्या गवताला गुरं तोंड लावत न्हाईत, त्या गवताला पाणी पाजण्यात ह्या माणसानं जिंदगी घातली." हे वाक्य तिनं पाहुण्यांसमोर म्हटलंय, सुनेसमोर म्हटलंय आणि एकदा बँकेच्या साहेबासमोरही म्हटलंय. मी दरवेळी दुरुस्ती करतो की पाणी पाजण्यात नाही, पाणी कमी पाजण्यात घातली. त्यावर ती म्हणते, "मग तर झालंच!"

मी मूळचा ठिबकवाला. आयटीआयचा फिटर. कुरुंद्याच्या बाजूला हळदीच्या सरींत काळ्या नळ्या अंथरता अंथरता माझी पाठ वाकली. पुढे हळदवाले इतके हुशार झाले की स्वतःच नळ्या जोडायला लागले आणि कंपनीनं मला सांगितलं, आता तुम्ही लॉनकडे बघा. कार्डावर 'सर्व्हिस इंजिनिअर' छापून दिलं, कारण लॉनवाल्यांना फिटर चालत नाही. ते कार्ड मी पहिल्यांदा घरी दाखवलं तेव्हा बायकोनं विचारलं होतं, "हे कोणाचं आणलं?"

तेव्हा मला कळलं, की आपल्या हिंगोली जिल्ह्यात पैसे देऊन वाढवायचं गवत असतं. पेट्रोल पंपासमोरचा तुकडा, दवाखान्याच्या दारातली पट्टी, कॉलेजच्या बागेत झुडपं कापून लिहिलेलं कॉलेजचं नाव, आणि सगळ्यांत मोठी गिऱ्हाइकं म्हणजे लग्नाची लॉन्स. लॉन एकच असलं तरी पाटीवर 'लॉन्स' असंच लिहायचं असतं, नाहीतर वऱ्हाडाला कमीपणा वाटतो.

आता या धंद्याची गोम सांगतो. आमच्याकडे लग्नाचा हंगाम आणि पाण्याच्या टंचाईचा हंगाम एकच. पाऊसकाळात मुहूर्त नसतात आणि चैत्र-वैशाखात मुहूर्तावर मुहूर्त. म्हणजे अख्ख्या तालुक्याचा रंग जेव्हा तुरीच्या धसकटासारखा झालेला असतो, नेमकं तेव्हा लॉन हिरवंगार लागतं. मग बोअर चालू. त्यातलं बरंच पाणी गवत पीतच नाही. दुपारी फवारे सोडले की निम्मं वाऱ्यावर जातं. एखादा फवारा तुटला की तिथं डबकं. मुळाच्या खाली गेलेलं पाणी गवताच्या काही कामाचं नाही. आणि गंमत अशी की गवताला पाणी कमी पडलं तर ते पिवळं होऊन बोंब मारतं. जास्त झालं तर चकार शब्द काढत नाही. त्यामुळे पाणी वाया जातंय हे कोणाला कळतच नाही.

ते कळवणं हे माझं काम. त्याला तीन वस्तू लागतात. मेन पाइपावर एक मीटर, किती पाणी गेलं ते मोजणारा. मातीत पुरलेला एक सेन्सर, ओल किती आहे ते सांगणारा. आणि भिंतीवर एक डबा, त्यात सिमकार्ड. ओल कमी झाली की तो पाणी सोडतो, पुरेशी झाली की बंद करतो, आणि सगळी खबर मोबाइलवर पाठवतो. डॉक्टर नाडी बघतो तसं. फरक इतकाच की डॉक्टरानं चूक केली तर लोक घाबरतात, मी केली की हसतात.

हसायला मी पुष्कळ दिलं आहे. हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी फवाऱ्यांचा झोत जरा जास्तच लांब लावून आलो होतो. तिथं पेशंटचे नातेवाईक मेंदीच्या कुंपणावर धुणं वाळत घालायचे. पहाटे फवारे सुटायचे आणि वाळलेलं धुणं पुन्हा ओलं. गवतालाही पाणी पुरेसं मिळत होतं, त्यामुळे माझ्या मोबाइलवर सगळं आलबेल. इकडे वॉर्डात असा समज पसरला की या दवाखान्याला कसलीशी बाधा आहे, इथं कपडे वाळत नाहीत. दोन-तीन पेशंट घरी निघून गेले म्हणे. डॉक्टरांनी मला बोलावून जे काही ऐकवलं, त्यात 'इंजिनिअर' हा शब्द त्यांनी शिवीसारखा वापरला.

पण ती हसायची गोष्ट. दुसरी एक आहे, तिच्यावर मी स्वतःही पुरतं हसू शकलेलो नाही. ती माणिकशेठच्या लॉनची.

जवळा बाजारच्या अलीकडे रस्त्याला लागून माणिकशेठचं लॉन आहे. मोठी कमान, कमानीवर दोन सिमेंटचे हत्ती, आणि आत गालिच्यासारखं गवत. माणिकशेठ मूळचे आडत दुकानदार. बोलायला गोड, वागायला रोखठोक. त्यांनी मला बोलावलं ते पाणी वाचवायच्या पुण्यासाठी नव्हे. ऐन हंगामात त्यांचं बोअर पाण्याऐवजी हवा ओकायला लागलं होतं.

"इंजिनिअर साहेब," शेठ म्हणाले, "बोअर दमून राहिलंय. असं काईतरी करा की कमी पाण्यात लॉन हिरवं राहील. गवत पिवळं पडलं तर फोटो पिवळे, अन् फोटो पिवळे तर गिऱ्हाईक त्या पल्याडच्या लॉनवाल्याकडं."

मी छाती पुढे काढून मोजमाप करायला लागलो. कुंपणापाशी आलो तर पलीकडून आवाज आला.

"ए मीटरवाल्या! काय मोजून राहिलास? माझी इहीर मोजायला आलास का?"

ती कौसामावशी. कुंपणाला लागून तिची थोडीशी जमीन, एक जुनी दगडी विहीर आणि दोन शेळ्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. मावशी विहिरीवर मेथी, कोथिंबीर, शेपू काढायची आणि जवळ्याच्या आठवडी बाजारात नेऊन विकायची. तिची बाजारात ठरलेली जागा होती, वडाच्या पारापासून दुसरी. पण दर उन्हाळ्यात शेठचं बोअर जोरात चाललं की तिच्या विहिरीचा तळ दिसायचा. मग भाजी नाही, भाजी नाही म्हणून बाजार नाही. आणि बाजारात जागा बसणाऱ्याची असते. उन्हाळाभर रिकामी राहिली की दुसरा कोणीतरी गोणपाट टाकतो आणि आखाडात भांडून परत घ्यावी लागते.

"दरसाल भांडते मी," मावशी म्हणाली. "औंदा गुडघे भांडू देत न्हाईत. पोरगं म्हणतंय, पुण्याला ये. तिथं जाऊन काय करू? तिसऱ्या मजल्यावर कोथमीर पेरू?"

मी तिला समजावून सांगितलं. म्हटलं, मावशी, जमिनीतलं पाणी एकच आहे. शेठचं बोअर आणि तुमची विहीर एकाच ताटात जेवतात. मी शेठचा घास लहान करायला आलोय. त्यांनी कमी ओढलं की तुमच्यात राहील.

"खरंच म्हणतोस?"

"खरंच. ही यंत्रं बसली की तुमची विहीर उन्हाळ्यात आटणार नाही."

आता हे म्हणायची काय गरज होती? कंपनीनं सांगितलं नव्हतं. शेठनं सांगितलं नव्हतं. पण मावशीनं कुंपणावरून ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला होता, आणि माझं असं आहे की पोटात अन्न पडलं की तोंडाला फाटे फुटतात.

मीटर बसवला आणि पहिल्याच दिवशी चमत्कार. सगळे कॉक बंद, तरी काटा फिरतोय. म्हणजे पाणी कुठेतरी जमिनीतच जातंय. मी लॉनचा माळी गणपत याला धारेवर धरलं. गणपत हा शांत माणूस. डोक्याची टोपी काढून हातात धरायची आणि ऐकून घ्यायचं, ही त्याची पद्धत.

"गणपत, चोरून पाणी कुठं नेतोस?"

"कुठं न्हाई साहेब. मी दुपारी एकदा सोडतो. उनात गवताला तान लागते ना."

गणपतची दुपारची सवय वाईटच होती, पण चोर तो नव्हता. शेवटी अंदाजानं खणलं तेव्हा चोर सापडले. ते मंडपवाले. मंडप उभा करताना हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या घणानं ठोकायच्या, ही त्यांची कामाची रीत. खाली पाइप आहे की काय, कोण बघतो? एकेका लग्नाला एकेक भोक. पाइपाची पार चाळणी झाली होती. खुंटी काढली की वर गवत जसंच्या तसं, आणि खाली पाणी चालू. मी नवा पाइप खोल टाकला, मंडपवाल्यांसाठी चुन्यानं रेघा मारून दिल्या आणि त्यांच्या मुकादमाला चहा पाजला. चहाचा उपयोग रेघांपेक्षा जास्त झाला.

राहिला ओलीचा सेन्सर. तो कुठे पुरायचा? मधोमध पुरला तर खुंटी, कडेला पुरला तर वऱ्हाडाचे पाय. मग मला युक्ती सुचली. लॉनच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा आहे, लॉनच्या आधीपासूनचा. शेठनं सगळं सपाट केलं, त्याला हात लावला नाही. देवाजवळ कोणी खुंटी ठोकणार नाही. म्हणून म्हसोबापासून हातभर अंतरावर, गवतात मी सेन्सर पुरला. वर नुसती वीतभर नळी आणि तिच्यावर टोपण. टोपणाचा रंग शेंदरी. दुरून दिसावं म्हणून कंपनीनं तो रंग ठेवला होता. दुरून दिसलंच.

हंगाम सुरू झाला. मी वसमतला घरी बसून मोबाइल बघतोय. सेन्सर म्हणतोय, माती ओली. फवारे बंद. दुसऱ्या दिवशी, माती ओली. त्याच्या दुसऱ्या दिवशी, माती ओली. पाण्याचा आलेख असा खाली आला की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला.

"बघ. ह्याला म्हणतात बचत."

"इतकी?" ती म्हणाली. "मग गवत काय खाऊन जगतंय?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मात्र हात जोडलेल्या चित्रासकट शेठना अभिनंदनाचा मेसेज पाठवला. उत्तराला थेट फोनच आला.

"इंजिनिअर साहेब, नवरीचा बाप माझ्यापुढं उभा राहून विचारून राहिलाय की शेठ, लॉन कुठाय? काय सांगू त्याला?"

जाऊन बघतो तर सगळं गवत ज्वारीच्या कडब्यासारखं. आणि कोपऱ्यात माझा सेन्सर! नळीला शेंदूर, वर हळदकुंकू, दोन झेंडूची फुलं, पायाशी फुटका नारळ आणि सभोवती चिखल. वऱ्हाड कुठल्याही गावचं असो, कार्याआधी त्या जागेच्या देवाला पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. हंगामात रोज नवं वऱ्हाड, रोज नव्या बायका, रोज तांब्याभर पाणी.

गणपत टोपी हातात घेऊन उभा होता.

"साहेब, बायका दोन्ही म्हसोबांला पाणी घालून राहिल्या."

"दोन्ही? अरे, मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, दुसरा तुमी बसवला."

एवढ्या हातभर जागेची ओल बघून माझा शहाणा डबा अख्ख्या लॉनला उपाशी ठेवत होता. शेठनं तोपर्यंत डब्याची वायर उपटून सगळे कॉक हातानं उघडले होते. बोअर दिवसरात्र. गवत चार दिवसांत हिरवं झालं, आणि कुंपणापलीकडे विहिरीत चिखल राहिला. भाजी तर नाहीच, शेळ्यांना पाणी मावशीला रस्त्यापलीकडच्या हापशावरून आणावं लागलं.

मी कुंपणापाशी तोंड लपवत गेलो. मावशी हसली. तिला मधला एक दात नाही, त्यामुळे ती हसली की रागावली हे लगेच कळत नाही.

"मीटरवाल्या, तुझा म्हसोबा माझ्याच इहिरीवर कोपला की रे!"

"चुकलं मावशी. पुढच्या साली बघा."

"बघते. बघायला काय पैसे पडतात?"

पुढच्या वर्षी मी खरंच जीव लावून काम केलं. एकाऐवजी चार सेन्सर, चौघांचं मिळून मत घ्यायचं. सगळे मातीत खोल, वर काही दिसू द्यायचं नाही. दुपारचं पाणी बंद, पहाटे थोडं थोडं. गणपतची समजूत घातली की गवताला उन्हात तहान लागते हे खरं, पण उन्हात पाजलेलं ऊनच पितं. आणि एका गिऱ्हाइकानं परत केलेलं एक यंत्र माझ्याकडे पडून होतं, पाण्याची पातळी सांगणारं. ते मी मावशीच्या विहिरीत वायरीनं सोडलं. म्हटलं, शेठला दाखवता येईल, बघा, तुम्ही कमी ओढलं की शेजारी काय फरक पडतो.

फरक पडला. चैत्र गेला, वैशाख लागला, लॉन हिरवं, आणि विहिरीत पाणी खालून तिसऱ्या पायरीला टेकून उभं. रोज सकाळी चहाआधी मी मोबाइलवर पातळी बघायचो. बायको म्हणायची, "लेकाला एवढे फोन करा कधी." त्या उन्हाळ्यात मावशीनं अर्ध्या जागेत कोथिंबीर केली. उन्हाळी कोथिंबिरीला भाव असतो, कारण ती कोणाकडे नसते. मी मुद्दाम बाजाराच्या दिवशी जवळ्याला गेलो. पारापासून दुसऱ्या जागेवर मावशी बसलेली, पुढे ओल्या गोणपाटावर जुड्या.

"घे," तिनं एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली. "पुढल्या साली सगळ्या जागेत करणार हाय. बी घेऊन ठेवते. तू हायेस म्हणून."

त्या 'तू हायेस म्हणून'नं मी असा फुगलो की गाडीला किक मारायची विसरून तसाच ढकलत निघालो.

आणि त्या फुगलेल्या अवस्थेत मी वर्षाचा अहवाल तयार केला. असा अहवाल शेठलोकांना द्यायची आमच्यात पद्धत आहे. आधी किती पाणी लागत होतं, आता किती लागतं, दोन खांब काढायचे, आणि दोन्हींमधल्या फरकाला काहीतरी नाव द्यायचं. मी तो फरक हिरव्या रंगानं भरला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शिल्लक'.

शेठनी चष्मा लावून तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला. आडत दुकानात उभी हयात गेलेला माणूस. त्यांचं बोट बरोबर त्या शब्दावर येऊन थांबलं.

"एवढं पाणी शिल्लक हाय?"

"हो शेठ!" मी म्हणालो. काय अभिमानानं म्हणालो!

"मग पडून काहून ठेवायचं?"

हल्ली लग्नाआधीच्या हळदीला वेगळं लॉन लागतं. पिवळे पडदे, पिवळ्या खुर्च्या, आणि खाली हिरवंगार गवत, म्हणजे पिवळं उठून दिसतं. शेठच्या मनात ते केव्हाचं होतं, पाण्यापायी अडलं होतं. मागच्या बाजूला पडीक जागा होती. तिथं हळदीचं लॉन आणि मधोमध कारंजं.

मी म्हणालो, "शेठ, ते पाणी खाली राहायला पाहिजे. ते वर काढलं तर वाचवलं कशासाठी?"

"माझ्यासाठी वाचवलं. यंत्रं माझी, खर्च माझा." शेठ रागावले नव्हते. समजावून सांगत होते. "खाली राहिलेलं पाणी कोणाचं असतंय साहेब? त्याच्यावर कोणाचं नाव लिवलंय?"

"कौसामावशीनं कोथिंबीर केलीय."

"करू द्या की. मी कुठं नको म्हणलो? पण ह्या कागदावर शिल्लक तुमीच लिवलंय ना? का चुकीचं लिवलंय?"

चुकीचं नव्हतं. तीच तर अडचण होती. मोजमाप बरोबर होतं, यंत्रं बरोबर होती, आणि जमिनीखालचं पाणी कोणाचं, या प्रश्नाला माझ्या डब्यात खटका नव्हता. नवं लॉनही मीच केलं. मी नाही केलं तर दुसरा कोणी करेल, हे वाक्य आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या वरच्या खिशात तयार असतं. मीही ते काढून वापरलं. काम मात्र चोख केलं. इतकं चोख, की त्या एवढ्याशा पाण्यावर एवढं गवत कोणी जगवलं नव्हतं. कंपनीनं डीलर लोकांच्या बैठकीत, पाणी वाचवणारा माणूस म्हणून, मला शाल आणि नारळ दिला. नारळात पाणी होतं.

पुढच्या सालचा हंगाम सुरू झाला तेव्हा पहिलं लॉन पूर्वीपेक्षा कमी पीत होतं. दुसरं लॉनही मापानंच पीत होतं. कारंजं तर तेच पाणी फिरवत होतं. प्रत्येकाचा आलेख वेगवेगळा पाहिला तर शाबासकी द्यावी असा. तिन्हींची मिळून बेरीज मात्र यंत्रं बसायच्या आधीपेक्षाही जास्त. आणि चौथा आलेख विहिरीचा. तो रोज सकाळी चहाआधी यायचा. पाणी पायरी सोडून खाली गेलं. मग दुसरी पायरी. मावशीनं सांगितल्याप्रमाणे सगळ्या जागेत कोथिंबीर पेरली होती.

मी जाऊन शेठना हात जोडले. म्हटलं, निदान कारंजं आणि हळदीचं लॉन महिनाभर बंद ठेवा. शेठनी तारखांची डायरी पुढे केली. प्रत्येक तारखेला कोणाची तरी हळद होती.

"आता तुमीच सांगा, ह्यातल्या कोणत्या लेकराची हळद नको म्हणू?"

एका सकाळी मोबाइलवर पातळी आली नाही. त्याऐवजी मजकूर आला, 'पाणी आढळत नाही. सेन्सर तपासा.' यंत्र बनवणाऱ्यानं यंत्राला तसंच शिकवलं होतं. विहिरीत पाणीच नाही, हे त्याच्या हिशोबात बसत नव्हतं. पाणी दिसत नसेल तर यंत्र बिघडलं असणार. मी तपासायला गेलो. यंत्र चांगलं होतं.

कोथिंबीर बोटभर वाढून तशीच बसली होती. पानं कडेनं तांबडी. मावशी बांधावर बसून शेळ्यांना ती उपटून घालत होती. मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू तर पाणी वाचवलं होतंस ना रे? मंग कुठं गेलं ते?"

मी कुंपणाकडे बोट दाखवलं. पलीकडे कारंजं उडत होतं आणि त्याच्यापुढे कोणाचं तरी पोरगं नाचत होतं. तिनं डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं.

"चांगलं दिसून राहिलंय," ती म्हणाली. टोमणा होता का? नव्हता बहुतेक.

त्यानंतर वय झालं म्हणून माझी नोकरी संपली. कंपनीच्या साहेबांनी मोबाइलमधून सगळ्या गिऱ्हाइकांचे आलेख काढून घेतले. विहिरीचं यंत्र कंपनीच्या नोंदीतच नव्हतं, म्हणून ते तेवढं राहिलं. पावसाळ्यात विहीर भरायची, उन्हाळ्यात रोज सकाळी 'सेन्सर तपासा'. बायको म्हणायची, "काढून टाका ते. काय सकाळी सकाळी अपशकुन!" मी नाही काढलं. या मागच्या उन्हाळ्यात मावशीचाच फोन आला.

"मीटरवाल्या, तुझं ते यंतर इहिरीत लोंबकळून राहिलंय. पारव्यांनी त्याच्यावर घर केलंय. घेऊन जा की."

गेलो. मावशी घरी नव्हती. शेळ्याही दिसल्या नाहीत. वायर ओढली तर यंत्राबरोबर काड्यांचं घरटं वर आलं. अंडी नव्हती, जुनंच होतं. मग कुंपणापलीकडून ओळखीचा आवाज आला.

"इकडं हाय मी. इकडं ये."

हळदीच्या लॉनवर चार-पाच बायका ओळीनं बसून खुरपत होत्या. त्यात मावशी. माझ्या काटकसरी पाण्यावर गवताबरोबर तणही जोमानं येतं. ते हातानंच काढावं लागतं. शेठनं तिला कामावर घेतलं होतं. वाईट वागवत नव्हता, सावलीचं काम द्यायचा, असं तीच म्हणाली.

"बाजारातली जागा?" मी विचारलं.

"मोबाइलचे कव्हर इकणारा बसतोय तिथं."

"भांडला नाहीत?"

"बसू दे. त्याच्या मालाला पाणी लागत न्हाई."

मी उभाच होतो. ती खुरप्यानं एकेक तण उचलून टोपल्यात टाकत होती. मधेच एखादं न टाकता पदरात ठेवायची. मी वाकून पाहिलं. घोळ होती. पाणी असेल तिथं जमिनीला धरून वाढणारी, जाड पानांची. शेतात असती तर भाजी; लॉनमध्ये असली की तण. तिनं मूठभर घोळ माझ्या हातात दिली.

"घे. तुझ्याच पाण्यावर आलीय."

घरी आलो. यंत्र कोपऱ्यात ठेवलं आणि घोळ बायकोपुढे. तिनं ती निवडली, मुगाची डाळ घालून परतली आणि मला वाढली. कुठली म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिचं ते ठरलेलं वाक्य येईल म्हणून मी वाट पाहिली. तिनं माझ्या ताटात आणखी एक पळी भाजी वाढली. आम्ही दोघं जेवलो.

भाजी आंबट होती. घोळ आंबटच असते.